रडण्याचा वेळ

शिट्टी वाजली तेव्हा रुपाबाई रडता रडता नवऱ्याच्या मरणापर्यंतच पोचली होती. त्याच्यापुढे अजून दीर होता, दोन नणंदा होत्या, पुरात वाहून गेलेली बैलजोडी होती आणि सगळ्यात शेवटी जाळीपलीकडे बसलेला तिचा थोरला मुलगा हेमसिंग होता. रडणं त्याच्यापर्यंत यायचं, मग डोळे पुसायचे आणि मग कुठे बोलायला तोंड उघडायचं, असा तो क्रम. पण कारागृहातली मुलाखत वीस मिनिटांची. जगदेव शिपायानं शिट्टी फुंकली, "चला बाई, टाइम झाला," म्हणाला, आणि रुपाबाई अर्धा हुंदका ओढणीत धरून उठली. हेमसिंगनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

असं तिसऱ्यांदा झालं होतं. आधीच्या दोन्ही भेटी अशाच रडण्यात गेल्या होत्या.

तांड्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. म्हणतो, रडणं काय असं रांगेनं येतं का? येतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावर बऱ्याच दिवसांनी माणूस भेटलं की म्हातारी बाई आधी त्याच्या गळ्यात पडून रडते, आणि रडते ती चालीवर, शब्द लावून. घरात कोण कोण गेलं, कोणत्या साली काय सोसलं, लेकरू लहान होतं तेव्हा त्याला कोणत्या झाडाखाली निजवलं, सगळं त्यात येतं. समोरच्यानं मधे बोलायचं नसतं. मधे बोलणं म्हणजे आईच्या तोंडावर दार लावणं. ऐकून घ्यायचं आणि पुरेसं झालं असं वाटलं की तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग ती थांबते, नाक पुसते आणि एकदम साध्या आवाजात पाणी मागते. इतकं सोपं आहे ते.

इथे मात्र मधे जाळी होती. पाठीवर हात फिरवायची सोय सरकारनं ठेवलेली नव्हती, त्यामुळे रुपाबाईच्या रडण्याला थांबायचं कसं तेच कळत नव्हतं. ती केनवडजवळच्या तांड्यावरून सकाळी जीपनं निघायची, रिसोडला एसटी धरायची, उन्हात फाटकाबाहेर नंबर लावायची. तपासणी करून आत आली की कपाळ जाळीला टेकवून सुरू व्हायची. हेमसिंग पलीकडे मान खाली घालून ऐकायचा. त्याचं वय पन्नाशीला आलेलं. आईचं रडणं ऐकताना त्याला बरंही वाटायचं, कारण ह्या जगात त्याच्यासाठी रडणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. आणि त्याच वेळी त्याला तिला एकच गोष्ट विचारायची होती.

बबलूचा हात चालतो का?

बबलू त्याचा धाकटा भाऊ. गेल्या माघात ऊसतोडीतून चार दिवस काढून घरी आलेले दोघं भाऊ तूर सोंगत होते. दुपारची भाकर यायला उशीर झाला म्हणून हेमसिंग कुरकुरला. त्याची स्वतःची बायको मरून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि तो बबलूच्याच चुलीवर जेवायचा. बबलूची बायको मंजू त्याला वाढायची. बबलू तूर कापता कापता म्हणाला, "तुही बायको नाई, त माह्या बायकोवर हुकूम कायले चालवतं?" एवढंच म्हणाला. तांड्यावर याहून वाईट बोलणी रोज होतात आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. पण हेमसिंगच्या हातात विळा होता, आणि बोलणं नको तिथे लागलं. नंतरचं त्याला नीट आठवत नाही. बबलूनं हात आडवा धरला होता एवढं आठवतं, आणि मंजू बांधावरून ओरडत आली ते आठवतं. त्यानंतर बबलूला उचलून जीपमध्ये घातलं आणि हेमसिंगला पोलिसांनी नेलं. त्या दिवसापासून त्यानं भावाला पाहिलेलं नव्हतं.

कोर्टानं जामीन मंजूर केला होता, पण जामीनदार म्हणून उभा राहायला तांड्यावरून कोणी आलं नाही. भावावर विळा चालवणाऱ्याची हमी कोण घेणार? फोनची सोय कारागृहात होती, पण घरात एकच फोन आणि तो बबलूचा, आणि ज्याला मारलं त्याच्याच नंबरला कैद्यानं फोन करायचा नाही असा नियम. सरकारनं दिलेला वकील भला माणूस होता. त्याला विचारलं की तो म्हणायचा, "दुखापत गंभीर आहे, बाकी सुनावणीत निघेल." गंभीर म्हणजे काय? बोटं हलतात का? पाण्याचा तांब्या उचलतो का? हे कागदात कुठेच नव्हतं, आणि सांगू शकणारं माणूस एकच होतं, ते रडत होतं.

बराकीत चाळीसेक माणसं होती. त्यांच्यात एकटं पडता येत नाही असं ज्याला वाटतं तो कधी आत गेलेला नसावा. हेमसिंगशी कोणाचं वैर नव्हतं. तो अंगण झाडायचा, रांगेत उभा राहायचा, मोजणीला हजर असायचा. संध्याकाळी बाकीचे आपापल्या घरच्यांचं सांगत बसायचे, कोणाची बायको काय म्हणाली, कोणाचं पोरगं चालायला लागलं. हेमसिंगला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "माय आली होती." "काय म्हने?" "काई नाई. रडली." लोक मग विषय बदलायचे. हळूहळू त्यांनी विचारणंही सोडलं, आणि त्याला ते विचारणंसुद्धा आठवत राहिलं.

तिसऱ्या मुलाखतीनंतर चार दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. आईचं रडणं तो मनात पुन्हा पुन्हा ऐकत होता. गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, ती काय काय म्हणाली होती ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. वडील फुलचंद होते, दोन भाऊ एका ताटात जेवायचे ते होतं. हाताबद्दल अक्षर नव्हतं. आणि दसरा तोंडावर आला होता. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला कारखान्यावर निघतो आणि मग उन्हाळ्याशिवाय परत येत नाही. म्हातारी एकटी तांड्यावर राहिली, तरी तिला रिसोडपर्यंत आणून सोडायला कोणी उरणार नाही, हे त्याला दिसत होतं. म्हणजे उरली असलीच तर एक भेट. तीही रडण्यात गेली तर उन्हाळ्यापर्यंत तो हात त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत राहणार होता.

बराकीच्या दाराशी भिंतीवर तक्रार पेटी होती. दर आठवड्याला ती उघडली जाते, प्रत्येक तक्रारीला नंबर पडतो, तक्रार निवारण समिती बसते, तक्रार करणाऱ्याला समोर बोलावून ऐकून घ्यावं लागतं आणि निर्णय त्याला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो, असा सगळा फलक पेटीवर लावला होता. वरणात पाणी जास्त आहे, पंखा बंद आहे, तारखेला गाडी आली नाही अशा तक्रारी त्यात पडायच्या. हेमसिंगला लिहिता येत होतं ते सहीपुरतं. पण विधी सेवेकडून सुकेशनी नावाची एक बाई दर पंधरवड्याला यायची आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं लिहून द्यायची. ती त्याच भागातली, वडील रेल्वेत होते म्हणून जऊळक्याच्या स्टेशनाजवळ लहानाची मोठी झालेली. तिच्यासमोर हेमसिंग मांडी घालून बसला.

"बोला हेमसिंगभाऊ," ती म्हणाली. "जेवणाचं आहे का?"

"नाई ताई."

"कोणी मारलं?"

"नाई."

"मग?"

"माह्या मायचं रडनं टाइमात मोजू नका म्हनावं."

सुकेशनीनं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग हेमसिंगनं सगळं सांगितलं. रडण्याचा क्रम सांगितला, शिट्टीचं सांगितलं. हाताचं मात्र सांगितलं नाही. ते कागदावर आलं की खटल्यात जाईल, आणि खटल्यात गेलं की त्याचं काहीतरी वेगळंच होईल, अशी त्याला भीती होती. तो फक्त म्हणाला, "मले मायसंग दोन शबद बोलाचे आहे."

सुकेशनी हसली नाही, याचं त्याला फार बरं वाटलं.

समिती बसली ती कार्यालयाच्या खोलीत. मधे अधीक्षक दौलतराव, एका बाजूला कारागृहाच्या डॉक्टर पल्लवी मॅडम, दुसऱ्या बाजूला सुकेशनी. हेमसिंगला स्टूल दिलं. खुर्चीवर बसलेल्यांसमोर स्टुलावर बसायचं त्याला अवघड झालं, म्हणून तो उठून उभा राहिला. दौलतरावांनी दोनदा बस म्हटलं, मग सोडून दिलं. दौलतराव वाईट माणूस नव्हते. फक्त प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसली पाहिजे असा त्यांचा स्वभाव, आणि ही बसत नव्हती.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे?" त्यांनी विचारलं. "आईविरुद्ध?"

"नाई साहेब. माय चांगली आहे."

"मग शिपायाविरुद्ध?"

"जगदेव सायबाची काहून करू? त्याहीनं बरोबर टाइमावर शिट्टी वाजोली."

"अरे, मग कोणाविरुद्ध?"

हेमसिंगनं विचार केला. "टाइमाच्या," तो म्हणाला.

दौलतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टर मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "त्यांना सांगा ना, घरूनच रडून या म्हणावं. इथे आल्यावर बोलायला वेळ मिळेल."

"मॅडम, थे मले पाहून रडते," हेमसिंग म्हणाला. "घरी कोनाले पाहून रडन?"

दौलतराव म्हणाले, "आज हिला सूट दिली तर उद्या प्रत्येकाची आई येऊन तासभर रडेल. मी मुलाखती संपवायच्या कधी?"

"सगळ्यांच्या आया रडतातच, साहेब," सुकेशनी म्हणाली. "पण त्या बोलता बोलता रडतात. ह्यांच्यात आधी रडून घ्यावं लागतं. ते झाल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही."

मग आणखी एक घोडं अडलं. मुलाखतीतलं बोलणं हजर शिपायाला समजणाऱ्या भाषेत असावं असा नियम आहे, आणि रुपाबाई रडते गोरमाटीत. म्हणजे इतके दिवस नियम मोडत होता की काय? जगदेवला आत बोलावलं. तो टाचा जुळवून उभा राहिला.

"ती बाई रडताना काय बोलते ते तुला समजतं का?"

जगदेव गोंधळला. खोटं बोलावं तर पंचाईत, खरं बोलावं तरी पंचाईत. "शब्द नाई समजत साहेब," तो म्हणाला. "रडून राह्यली हे समजते."

"इतकं पुरे आहे का?" दौलतरावांनी कोणालातरी विचारलं. त्यांनी हेमसिंगकडे पाहिलं. "आणि तुला एवढं काय बोलायचं आहे आईशी?"

खोलीत सगळे त्याच्याकडे बघायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला समोर उभं करून, थांबून, काय हवं ते विचारत होतं. त्याच्या तोंडाशी आलं होतं. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण त्यानं गिळलं.

"घरचं आहे साहेब," तो म्हणाला.

दौलतरावांनी निर्णय तोंडी सांगितला आणि कारकुनानं तो लिहिला. मुलाखतीच्या सुरुवातीला नातेवाइकांकडून होणारा पारंपरिक शोक मुलाखतीच्या वेळेत धरू नये, शोक संपल्यावर वेळ सुरू करावा, मात्र शोक वाजवी मर्यादेत असावा, आणि संबंधितांना याची समज द्यावी. वाजवी रडणं किती, हे कोणी विचारलं नाही. सुकेशनीनं निर्णय हेमसिंगला साध्या भाषेत समजावला. तो हात जोडून बाहेर आला, आणि त्या दिवशी अंगण झाडताना त्यानं कडुनिंबाखालचा कोपरासुद्धा सोडला नाही. लहान मुलानं हट्ट जिंकावा तसा त्याला आनंद झाला होता, पण तो सांगायला कोणी नव्हतं. शेजारच्या वळकटीवरच्या माणसाला तो म्हणाला, "माय आली त आता लय बोलनार आहो मी." तो माणूस कूस बदलून झोपला होता.

दिवाळी गेली. हेमसिंग रोज मुलाखतीची नावं पुकारताना कान टवकारून बसायचा. आज नाही, उद्याही नाही. तांडा निघून गेला असेल, म्हातारीला कोणी आणलं नसेल, असं त्यानं मनाशी पक्कं करत आणलं होतं. तेव्हा एका सकाळी नाव पुकारलं.

तो जाळीसमोर जाऊन बसला आणि सवयीनं मान खाली घातली. पलीकडे ओढणीची सळसळ ऐकू आली, बांगड्या वाजल्या, रुपाबाई बसली. तो रडण्याची वाट बघत राहिला. काहीच आलं नाही. शेजारच्या खिडकीवर कोणाचं तरी बोलणं चाललं होतं तेवढंच ऐकू येत होतं. त्यानं मान वर केली. आई कोरड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. त्याला ती एकदम अनोळखी वाटली. वाळलेली दिसत होती, आणि इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा सरळ समोरून आपण कधी पाहिलाच नाही असं त्याच्या मनात आलं.

जगदेव हातातल्या घड्याळाकडे बघत अवघडून उभा होता. हुकमाप्रमाणे रडणं संपल्यावर वेळ लावायचा होता, आणि रडणं सुरूच होत नव्हतं.

"बाई, रडा नं," तो अदबीनं म्हणाला. "मी टाइम लावला नाई अजून."

"मले नाई रडाचं," रुपाबाई म्हणाली. "लावा तुमी टाइम."

जगदेवनं घड्याळ दाबलं आणि भिंतीला लागून उभा राहिला.

"तू माह्या रडन्याची तक्रार केली म्हने," रुपाबाई म्हणाली. जगदेवला समजावं म्हणून ती मराठीत बोलत होती. "फाटकावर वाचून दाखोलं मले. पोरानं अर्ज देल्ला, सायेब लोकं बसले, अन् आता वाजवी रडा म्हने."

"तुही तक्रार नाई व याडी," हेमसिंग कासावीस होऊन आईला म्हणाला. "टाइम पुरत नोयता. तुह्यासंग बोलाचं राहून जाये. तुह्या रडन्याले टाइम येगळा मांगतला मी, बस."

"बरं. आता टाइम आहे. बोल."

इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो हेमसिंगच्या समोर होता.

"बबलूचा हात कसा आहे?"

रुपाबाईनं लगेच उत्तर दिलं. "बरा आहे."

"चालते?"

"हो."

"मूठ मिटते?"

ओढणीच्या काठावर शिवलेला आरसा तिनं बोटानं चाचपला. हेमसिंग जाळीजवळ सरकला. त्यानं पुन्हा तेच विचारलं, हळू आवाजात.

"नाई मिटत," रुपाबाई म्हणाली. "तीन बोटं मेली त्याची. हात लावला त समजत नाई त्याले. भाकर डाव्या हातानं खाते."

हेमसिंगनं आपला उजवा हात मांडीवर ठेवला होता, तो त्याला एकाएकी ठेवायला जागाच उरली नाही असा झाला. तो उचलून त्यानं काखेत घातला.

"तू आगुदर काहून नाई सांगतलं?"

"कशी सांगू?" आता तिचा आवाज थोडा चढला. "बबलूच म्हने मले, याडी, दादाले सांगजो हात बरा झाला म्हनून. थो आतमंदी जिवाले खाईन. पयल्या भेटीपासून म्हनून राह्यला. मंजूबी तेच म्हने. मी यस्टीत बसून घोकत येये, हात बरा झाला, हात बरा झाला. इथं आलं की तुहं तोंड दिसे. खोटं बोलवे नाई अन् खरंबी बोलवे नाई. मंग रडत होती. रडता रडता शिट्टी वाजे, अन् मी सुटे."

जगदेव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. त्याला सगळं समजत होतं, आणि आज त्याला ते समजायला नको होतं.

हेमसिंगला रडू आलं नाही. त्याला फक्त इतकंच कळत होतं की बबलू त्याला दादा म्हणाला. विळा लागल्यानंतर, तीन बोटं मेल्यानंतर, अजून दादाच म्हणतो. आपण इतके महिने ज्याच्या रागाला भीत होतो तो राग तिकडे नव्हताच, आणि ते कळायला ह्या कोरड्या डोळ्यांच्या आईला असं समोर बसवावं लागलं. त्याला स्वतःच्या अर्जाची लाज वाटली. म्हातारीजवळ एक आडोसा होता, तो आपण साहेबांपुढे उभं राहून काढून घेतला.

"उद्या आमी निंघतो," रुपाबाई म्हणाली. "कारखान्यावर."

"तू कायले? ह्या वयात?"

"मंजू ऊस तोडन. मोळ्या बांधाले कोन आहे? जोडीशिवाय मुकादम घेत नाई. बबलूच्यानं बांधनं होत नाई, थो कोपीवर, झोपडीत, लेकरं पायते." तिनं हे असं सांगितलं, जसं उद्या बाजाराला जायचं आहे. "उन्हाया लागल्यावर येईन. जगली त."

उसाची मोळी किती जड असते ते हेमसिंगला माहीत होतं. बबलू आणि तो दोघं मिळून टोळीत सगळ्यांच्या पुढे असायचे. त्याच्या एका फटक्यानं म्हातारीच्या डोक्यावर मोळी आली होती, आणि ह्याबद्दल तक्रार टाकायला कुठे पेटी नव्हती.

"टाइम आहे का अजून?" रुपाबाईनं जगदेवला विचारलं.

"आहे बाई," जगदेव भिंतीकडे बघूनच म्हणाला. "लय आहे. बोला तुमी."

बोलायला काही उरलं नव्हतं. दोघं बसून राहिले. आधी जो वेळ पुरत नव्हता, तो आता दोघांच्या मधे पडून होता. हेमसिंगला ते सहन होईना.

"याडी," तो म्हणाला, "थोडी रडून घे."

रुपाबाईनं जाळीला कपाळ टेकवलं. डोळे मिटले. तिनं प्रयत्न केला असावा, कारण तिचे ओठ एकदा हलले. मग तिनं कपाळ काढून घेतलं.

"नाई येत रे," ती म्हणाली.

ती उठायला लागली तेव्हा हेमसिंगनं जाळीत बोटं घातली. "थांब. बबलूले सांग," तो म्हणाला. "मी हाताचं इचारलं म्हनाव. तू हात बरा झाला म्हनून सांगतलं. मूठ मिटते म्हनून सांगतलं. आयकून मी लय खुश झालो म्हनाव."

रुपाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "त्याले मी खोटं सांगू?"

"व्हय. त्याले सांगता येईन तुले. त्याच्यापुढं रडनं आलं त रडजो. थो पुसन तुहे डोये, डाव्या हातानं."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. ती दाराकडे गेली. याआधी एकाही मुलाखतीत ती शिट्टीआधी उठली नव्हती. जगदेवनं घड्याळाकडे पाहिलं, शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि न वाजवता परत खिशात टाकली.

पुढच्या पंधरवड्यात सुकेशनी आली. तक्रार निकाली काढण्याआधी तक्रारदाराला समाधान झालं का असं विचारावं लागतं, तशी पद्धत आहे. हेमसिंग तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"आई आली होती ना? बोलणं झालं?"

"झालं ताई."

"पुरेसा वेळ मिळाला?"

"उरला."

तिला बरं वाटलं. तिच्या फायलीत अशा तक्रारी फार थोड्या होत्या ज्यांचं खरंच काही झालं होतं. "मग समाधान झालं असं लिहू?"

"ल्याहा," हेमसिंग म्हणाला आणि तिनं दाखवलं तिथे सही केली. त्याच्या सहीला वेळ लागला.

"हा नियम तुमच्यापुरताच ठेवायचा की सगळ्यांसाठी करायचा, असं साहेब विचारत होते," ती म्हणाली. "तुमची आई परत कधी येणार आहे?"

"कारखान्यावर गेली. नाई येत आता."

काय झालं ते विचारावं की विचारू नये, हे सुकेशनीला ठरवता येईना. तिनं कागद उलटा करून ठेवला. "मग नियम काढून टाकायचा का?"

हेमसिंगनं बराकीकडे पाहिलं. दारात काही माणसं नाव पुकारायची वाट बघत बसली होती.

"ठेवा ताई," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाची माय येईन."